साताऱ्यातली भरती अकॅडमी, जॉइनिंग बॅचचा रिव्ह्यू : धावणं आणि ताकद यांचा मेळ खरंच बसवतात

ज्यांच्या घरातल्या पोराचं आर्मीचं ग्राऊंड निघालंय, मेडिकल झालंय, मेरिट लिस्टला नाव आलंय आणि आता ट्रेनिंग सेंटरला जायच्या तारखेची वाट बघणं चाललंय त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितेय. मत आधीच सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचा वेळ जायला नको. कोरेगावच्या बाजूला असलेल्या या अकॅडमीची जॉइनिंग बॅच, म्हणजे निवड झालेल्या पोरांना सेंटरला जायच्या आधी तयार करणारी बॅच, मला फार आवडली, पैसे वसूल झाले, आमचा धाकटा भाऊ तिथून तयार होऊन गेला आणि संध्याकाळच्या बाहेरच्या लोकांच्या बॅचला मी स्वतः जाते. रॅलीच्या आधीची त्यांची जनरल बॅचही चांगली आहे पण तशी चांगली बॅच जिल्ह्यात अजून सापडेल, जॉइनिंग बॅच मात्र मी दुसरीकडे अशी पाहिली नाही.

आवडण्याचं कारण एकच आहे आणि ते म्हणजे व्हरांड्यातला फळा. या अकॅडमीत रनिंग घेणारे रिटायर्ड सुभेदार आहेत, मराठा लाईट इन्फंट्रीतले, आणि ताकदीचं घेणारे वस्ताद आहेत ज्यांचं आयुष्य तालमीत गेलं, आणि हे दोघं दर रविवारी संध्याकाळी एकत्र बसून पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक एकाच फळ्यावर लिहितात, सुभेदार पांढऱ्या खडूने रनिंग आणि वस्ताद पिवळ्या खडूने व्यायाम. पांढरा जिथे जड असेल तिथे पिवळा काय लिहायचा हे दोघं बोलून ठरवतात. ऐकायला साधं वाटतं पण प्रवेश घ्यायच्या आधी आम्ही ज्या बाकीच्या जागा बघून आलो तिथे सकाळचा माणूस पोरांना १० किलोमीटर पळवतो, संध्याकाळचा माणूस त्याच पायांवर दोनशे बैठका मारून घेतो, आणि दोघांनाही एकमेकांनी काय केलं याचा पत्ता नसतो. पोरगं मधल्यामध्ये पिळून निघतं आणि वर त्यालाच ऐकवतात की तुझ्यात दम नाही.

आता थोडं मागे जाऊन सांगते की हा मेळ का लागतो, कारण बऱ्याच पालकांना वाटतं की ग्राऊंड निघालं म्हणजे पोरगं फिट आहे, आता काय करायचंय अजून. अग्निवीरच्या ग्राऊंडला १६०० मीटर असतं, ते साडेपाच मिनिटांत मारलं की ६० मार्क, बीमवर १० पुलअप मारले की ४० मार्क, नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स फक्त पास व्हायचं. साडेपाच मिनिटं म्हणजे ४०० च्या ट्रॅकवर चार राऊंड, प्रत्येक राऊंड साधारण ८२ सेकंदात. ही एक विशिष्ट गोष्ट आहे, तिची तयारी वर्षभर करून पोरं त्यात पक्की होतात, शरीर हलकं ठेवतात, पाय पातळ ठेवतात, काही जण तर ग्राऊंडच्या आधी जेवण कमी करतात. आणि सेंटरला गेल्यावर जे लागतं ते याच्यापेक्षा पुष्कळ वेगळं आहे. तिथे पहाटे पीटी, मग ड्रिल, मग हत्याराचं शिक्षण, परत संध्याकाळी खेळ, दिवसभर पायावर उभं, आणि पुढे पुढे बीपीईटी म्हणजे आर्मीच्या लढाऊ शारीरिक चाचणीची तयारी ज्यात अंगावर सामान आणि रायफल घेऊन ५ किलोमीटर पळायचं, दोर चढायचा, आडव्या दोरावरून जायचं, खड्डा मारायचा. १६०० मीटर बनियनवर पळणारं हलकं पोरगं पाठीवर वजन आलं की कमरेत वाकतं. आणि नुसतं जिममध्ये छाती फुगवलेलं पोरगं तिसऱ्या किलोमीटरला बसतं. दोन्ही प्रकारची पोरं मी या बॅचला आलेली पाहिली.

ड्रिलचं तर कुणी बोलतच नाही. सुभेदार साहेबांनी पहिल्याच दिवशी पालकांना बसवून हे समजावलं होतं आणि मला ते फार पटलं. ड्रिलमध्ये सिमेंटच्या नाहीतर दगडासारख्या कडक मैदानावर टाच आपटायची असते, तासन् तास, आणि नवीन बूट असतात. धावण्याचा मार नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या पुढच्या हाडावर बसतोच, त्यात ड्रिलचा मार वेगळा पडतो, आणि हे दोन्ही अचानक एकाच महिन्यात सुरू होतं. हाड पण सवयीने घट्ट होतं पण त्याला स्नायूपेक्षा जास्त वेळ लागतो. दम दोन-तीन आठवड्यांत वाढलेला जाणवतो, मांड्या महिन्या-दीड महिन्यात भरतात, हाडाला महिने लागतात. म्हणून पोराला वाटतं मी तयार आहे आणि नळी तयार नसते. मग नळी दुखायला लागते, त्याकडे दुर्लक्ष केलं की बारीक फ्रॅक्चर होतं, आणि मग ट्रेनिंग थांबून पोरगं मागच्या बॅचला जातं. साहेब म्हणाले की इतक्या वर्षांत मी दमाने मागे पडलेली पोरं कमी बघितली, पायाने मागे पडलेली जास्त बघितली.

तर आता वेळापत्रक. हे मी नीट लिहिते कारण जे अकॅडमीला येऊ शकत नाहीत त्यांना यातून निदान पद्धत तरी कळेल. सोमवारी सकाळी जोराचं रनिंग असतं, ४०० चे राऊंड मध्ये दम घेऊन घेऊन, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पायाचा जड व्यायाम, म्हणजे खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि पोटऱ्या. मला आधी वाटलं की हे चुकलंय, एकाच दिवशी दोन्ही जड कशाला, एक दिवस रनिंग एक दिवस व्यायाम असं हवं ना. वस्तादांना विचारलं तर ते म्हणाले, ताई, सोमवारी पळवलं, मंगळवारी बैठका काढल्या, बुधवारी परत पळवलं, तर पायाला सुट्टी कधी? पाय रोजच अर्धे थकलेले राहणार, मग पळणं पण अर्धं होतं आणि वजन पण अर्धं उचललं जातं. त्यापेक्षा जड ते सगळं एका दिवसात आणि दुसरा दिवस खरोखर हलका. मंगळवारी सकाळी म्हणून ५-६ किलोमीटर निवांत पळणं, इतकं निवांत की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, आणि संध्याकाळी बीम, दंड, दोर. बुधवारी पळणं नाही, फक्त पोट-कंबर आणि शरीर मोकळं करणं. गुरुवारी परत जड दिवस, सकाळी २०-२५ मिनिटं एकसारखं दमदार पळणं आणि संध्याकाळी पाय, पण सोमवारपेक्षा हलके, एका पायावरचे व्यायाम जास्त. शुक्रवार मंगळवारसारखा. शनिवारी एका आठवड्याला लांब पळणं आणि दुसऱ्या आठवड्याला पाठीवर बॅग घेऊन चालणं. रविवारी पूर्ण सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे क्रिकेट पण नाही, यावर साहेब कडक आहेत. दर चौथ्या आठवड्याला सगळंच कमी करतात.

सकाळ आणि संध्याकाळ यात किमान सहा तास ठेवतात, मध्ये दोन जेवणं आणि दुपारची झोप. झोपेसाठी दुपारी फोन जमा करून घेतात, यावर पोरांची कुरकुर असते पण मला ते योग्यच वाटतं. आणि पळणं आधी, वजन नंतर. कारण थकलेल्या पायांनी जोरात पळलं की पाऊल वाकडं पडायला लागतं.

वस्तादांबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. तालमीतला माणूस म्हटल्यावर मला वाटलं होतं की हजार बैठका आणि पाचशे दंड असं काहीतरी असणार. पण त्यांनी उलटं केलंय. ते म्हणतात कुस्तीच्या पोराला हजार बैठका ठीक, तो दिवसभर रस्त्यावर पळत नाही. याच्या पायाला बैठकांसारखं काम पळण्यातूनच होतंय, मग याला कमी वेळा पण वजन घेऊन बसवायचं. म्हणून ते पाच-पाच वेळाचे तीन-चार सेट घेतात, वजन हळूहळू वाढवतात, आणि शेवटची एक-दोन उचल शिल्लक असतानाच बार ठेवायला लावतात. हात थरथरेपर्यंत, ओरडत ओरडत उचलणं त्यांना अजिबात चालत नाही. त्यांचं लक्ष्य सरळ आहे, सेंटरला जायच्या आधी पोराने स्वतःच्या वजनाएवढा बार खांद्यावर घेऊन नीट पाच वेळा बसून उठलं पाहिजे. आमच्या धाकट्याला सुरुवातीला नुसत्या बारने गुडघे आत येत होते, म्हणून पहिले काही आठवडे त्याला छातीशी सिमेंट भरलेला डबा धरून बसवलं, बाकीची पोरं वजन लावत असताना याला डबा, त्याला लाज वाटायची पण वस्तादांनी घाई केली नाही.

पोटऱ्यांवर तर ते इतका वेळ घालवतात की नवीन माणसाला नवल वाटेल. उभ्याने टाच उचलणं आणि बसून मांडीवर वाळूची पिशवी ठेवून टाच उचलणं, दोन्ही वेगवेगळं, कारण गुडघा वाकलेला असताना पोटरीतला आतला स्नायू काम करतो आणि पळताना नळीच्या हाडाला तोच सांभाळतो. अनवाणी टाचेवर चालणं, बोटांवर चालणं, हे रोज. हॉलमध्ये महागडं काही नाही, बार आहेत, प्लेटा आहेत, दोर आहे, मुद्गल आहेत, वाळूच्या पिशव्या आहेत, आणि एवढ्यात सगळं होतं.

मला वाचायची सवय आहे म्हणून यावर थोडं शोधलं होतं. १९८० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन नावाच्या संशोधकाने नेमकं हेच तपासलं होतं. काही जणांना १० आठवडे फक्त ताकदीचा व्यायाम दिला, काहींना फक्त दमाचा, आणि काहींना दोन्ही एकत्र, आठवड्यातून पाच दिवस वजन आणि सहा दिवस सायकल-धावणं. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत वाढली आणि मग थांबून शेवटी खाली आली. दम मात्र कमी झाला नव्हता. मी हे वस्तादांना सांगितलं तर ते म्हणाले मग आपण पाच आणि सहा दिवस करतोय कुठे, पायाला जड वजन दोनच दिवस आहे ना. त्यांनी ते वाचलेलं नाही, पोरांकडे बघून बघून त्यांना हे कळलंय. दोन्ही एकत्र होत नाही असं नाही, दोन्ही भरमसाट एकत्र होत नाही, एवढंच.

माझ्या समोर घडलेली दोन पोरांची गोष्ट सांगते, नावं घेत नाही. एक जण पुण्याहून जिम करून आलेला, दंड भरलेले, बेंच प्रेस भरपूर, पण २ किलोमीटर झाले की तोंड लाल. दुसरा माण तालुक्यातला, हरणासारखा पळणारा, १६०० ला साडेपाचच्या आत कधीही, आणि बीमवर कसेबसे सहा काढून आलेला. दोघं एकाच बॅचला, फळा एकच, पण फळ्याखाली प्रत्येकाच्या नावापुढे वेगळा आकडा असायचा. पहिल्याचं वजन वाढवणं बंद केलं, आहे ती ताकद टिकवायला आठवड्यातून दोनदा थोडंसं, आणि पळणं हळूहळू वाढवलं तेही बरंचसं निवांत, कारण जड शरीर अचानक पळवलं की नळीवर जास्त मार बसतो. दुसऱ्याचं रनिंग चक्क निम्मं केलं. तो रडकुंडीला आला होता, म्हणाला साहेब माझा टायमिंग जाईल. साहेब म्हणाले टायमिंग काढून तू बसलायस, आता तुला कुणी १६०० चे मार्क देणार नाहीये, आता तुला पाठीवर वजन घेऊन टिकायचंय. महिना-दीड महिन्याने त्याचा टायमिंग तपासला तर होता तसाच होता आणि बीमवर बारा. हे बघून बाकीच्या पोरांचा विश्वास बसला.

इथे साहेब पोरांना धावपटू अविनाश साबळेचं उदाहरण नेहमी देतात आणि ते नुसतं जोशासाठी देत नाहीत. बीडच्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, बारावीनंतर आर्मीच्या ५ महार बटालियनमध्ये भरती, सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा पोस्टिंग केल्या आणि धावण्याच्या स्पर्धांकडे तो २०१५ नंतर वळला. मध्ये वजन वाढलं होतं ते उतरवून परत उभा राहिला. २०२२ च्या कॉमनवेल्थमध्ये स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, ८ मिनिटं ११.२० सेकंदात रौप्य. साहेबांचं म्हणणं असं की शरीर वेळ घेतं, आणि वेळ दिला तर ते देतं, विशीतल्या पोराने सहा आठवड्यांत सगळं कमवायची घाई करू नये.

आता दुखण्याबद्दल. आमच्या जिल्ह्यात फौज म्हणजे घराघरातली गोष्ट, मिलिटरी अपशिंगे गावातून एकट्या पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले, आजही ज्या घरात आजोबा, वडील, काका सगळे फौजेत त्या घरातलं पोरगं दुखणं सांगत नाही. सांगितलं तर नाव जाईल असं वाटतं. या अकॅडमीत मात्र रोज सकाळी वॉर्मअपच्या आधी प्रत्येकाने स्वतःची नळी अंगठ्याने दाबत वरून खाली यायचं आणि कुठे दुखतं ते सांगायचं, हा नियमच आहे, पीटीसारखाच. त्यामुळे सांगण्यात लाज राहत नाही. पूर्ण नळीच्या कडेने पसरलेलं दुखणं असेल तर पळणं कमी करतात. एकाच ठिकाणी, बोटाएवढ्या जागेत, दाबलं की कळ येत असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल तर पळणं पूर्ण बंद आणि हाडाच्या डॉक्टरांकडे. एक्स-रे मध्ये सुरुवातीला बारीक फ्रॅक्चर बऱ्याचदा दिसत नाही, हे पण ते पालकांना सांगून ठेवतात, म्हणजे एक्स-रे चांगला आला म्हणून लगेच पळायला लावू नका. आमच्या धाकट्याचं पसरलेलं दुखणं होतं, त्याचं पळणं थांबवलं पण ताकदीचं थांबवलं नाही, सायकल आणि विहिरीत पोहणं दिलं, दम राहिला, पाय बरा झाला. घरी असता तर एकतर ढकलत पळाला असता नाहीतर पूर्ण झोपून राहिला असता.

बॅगेचं पण असंच सावकाश. सुरुवातीला ५ किलो वाळू, सपाट रस्त्यावर, आणि फक्त चालणं. वजन आणि अंतर एकाच आठवड्यात वाढवत नाहीत, एकदा हे एकदा ते. नंतर अजिंक्यताऱ्याचा चढ. बॅग घेऊन पळणं अगदी शेवटी आणि तेही थोडं थोडं, उतारावर कधीच नाही. ज्या शनिवारी बॅग असते त्या आठवड्यात गुरुवारचा पायांचा व्यायाम अर्धा. बूट घालून चालण्याची सवय पण याच शनिवारी लावतात, नवीन बूट सेंटरलाच पहिल्यांदा घातला तर फोड ठरलेलेच. मी यवतेश्वरच्या चढावर हाफ मॅरेथॉनसाठी पळते तर माझ्या लक्षात आलं की वस्तादांच्या पोटरीच्या व्यायामाने मला चढावर जो फरक पडला तो नुसतं पळून कधी पडला नव्हता.

जेवण ठीक आहे, उत्तम नाही. सकाळी पळून आल्यावर केळं आणि दूध, नंतर नाष्टा, दुपारी भाकरी-चपाती, कडधान्याची उसळ, भात, रात्री तसंच, अंडी रोज आणि आठवड्यातून दोनदा चिकन. शाकाहारी पोरांना कमी पडतं. दोन्ही प्रकारचा व्यायाम करणाऱ्याला किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास तरी प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या पोराला ९० ग्रॅम, आणि नाष्ट्याला रोज पोहे दिले तर ते कुठून येणार? आम्ही घरून शेंगदाणे-गुळाचे लाडू, भाजलेले हरभरे आणि दही पाठवायचो, तुम्हीही पाठवा. एक गोष्ट मात्र मोठी चांगली, इथे पावडर विकत नाहीत. भरतीच्या पोरांना डबे गळ्यात मारणं, त्याहून वाईट म्हणजे कसली कसली इंजेक्शनं सुचवणं असे प्रकार ऐकायला येतात, इथे त्या बाबतीत साहेब फार कडक आहेत, असं काही सापडलं तर पोराला त्याच दिवशी घरी पाठवतात.

ज्या गोष्टी सुधारायलाच हव्यात त्याही सांगते. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, पहाटे अंधारात पोरं हमरस्त्याच्या कडेने पळतात आणि सगळ्यांच्या अंगावर चमकणारं जॅकेट नसतं. मी दोनदा बोलले, मग काही जॅकेट आणली पण पुरेशी नाहीत, उसाच्या हंगामात त्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, मागचा लाईट नसलेल्या, तर यात कुणीही तडजोड करू नये. पालकांनी प्रवेशाच्या वेळीच आपल्या पोरासाठी जॅकेट स्वतः घेऊन द्यावं. दुसरं, व्यायामाचा हॉल पत्र्याचा आहे, एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी पाचला आत उभं राहवत नाही, पंखे वाढवायला हवेत. रॅलीच्या तोंडावर जनरल बॅचची गर्दी झाली की बार कमी पडतात, मग जॉइनिंगवाल्यांना थांबावं लागतं आणि अंग थंड होतं. मुलींसाठी कपडे बदलायला नीट खोली नाही, पोलीस भरतीच्या मुली येतात, त्यांच्यासाठी हे लवकर व्हायला हवं.

लेखी परीक्षेची तयारी इथे कच्ची आहे. आता आर्मीची ऑनलाईन परीक्षा आधी आणि ग्राऊंड नंतर, त्यामुळे ज्यांचं लेखीच निघालेलं नाही त्यांनी गणित-जीकेसाठी वेगळा क्लास लावावा.

पोलीस भरतीवाल्यांसाठी दोन ओळी. तिथे ५० मार्कांत १६०० ला २०, १०० मीटरला १५ आणि गोळ्याला १५, पोरांचा गोळा ७.२६० किलोचा. म्हणजे तिथे स्फोटक ताकदीला मार्कच आहेत, नुसता रोड मारून ३० मार्कांची वाट लागते, तरी पोरं रोडच मारतात. वस्ताद गोळ्याचं तंत्र छान शिकवतात, त्यासाठी जनरल बॅच पण घ्यायला हरकत नाही.

फी राहून-जेवून महिन्याला जी आहे ती आसपासच्या जागांपेक्षा थोडी जास्तच आहे, पण जॉइनिंग बॅचला पोरं मोजकी घेतात आणि प्रत्येकाच्या नावापुढे वेगळा आकडा लिहायचा तर मोजकीच घ्यावी लागणार. पूर्ण पैसे आधी मागत नाहीत, महिन्याच्या महिन्याला घेतात, आणि मध्येच सेंटरचं पत्र आलं तर उरलेले परत देतात, आम्हाला दिले. घाई असलेल्यांनी येऊ नये. तीन आठवड्यांवर जॉइनिंग आलंय आणि आता बनवून द्या म्हणून येणाऱ्या पालकांना साहेब सरळ सांगतात की आता फक्त निवांत पळा, बूट घालून चाला आणि झोपा, पैसे ठेवा तुमच्याकडे. किमान दहा-बारा आठवडे हातात असतील तर या.

आमचा धाकटा बेळगावला गेला. सुरुवातीला फोनवर नुसतं बरंय, बरंय म्हणायचा, मग एकदा सविस्तर बोलला. म्हणाला ताई, पहिल्या महिन्यात पळण्यात माझ्या पुढे बरेच होते, पण पोरं लंगडायला लागली तशी मी होतो तिथेच राहिलो. दोराला आणि सामान घेऊन पळायला त्याला अडचण आली नाही. ड्रिलने टाचा दुखल्या, तेवढं सगळ्यांचंच दुखतं. नळीला काही झालं नाही. त्याच्या प्लाटूनमधल्या दोन पोरांना तो रात्री खाटेच्या कडेवर बसवून पोटरीचा व्यायाम शिकवतोय म्हणाला, मांडीवर पिशवी नाही म्हणून एकाच्या मांडीवर दुसऱ्याने हाताने दाबायचं.

प्रवेशाला जाताना सकाळी सहाच्या आधी जा, फळा बघा, आणि पोराला सोबत घेऊन जा, कारण साहेब पालकांशी नंतर बोलतात, आधी पोराला बूट काढून अनवाणी चालायला लावतात आणि त्याचे जुने बूट उलटे करून तळवा कुठे झिजलाय ते बघतात. तर जुने बूट घरी ठेवून नवीन घालून नेऊ नका.